तुमच्या खात्याची चावी कोणाकडे आहे? कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन सुरक्षेची साधी गाइड



बारावीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मी तालुक्याच्या गावी एका सायबर कॅफेत गेलो होतो. बाहेर पोरांची ही मोठी रांग. कॅफेवाल्या दादाने विचारलं, "ईमेल आहे का?" मी म्हटलं, "नाही." "थांब, काढून देतो." पाच मिनिटांत त्याने माझा ईमेल काढला, पोर्टलवर खातं उघडलं, पासवर्ड ठेवला माझं नाव आणि पुढे १२३. तोच पासवर्ड दोन्हीकडे. मोबाइल नंबर टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "तुझा फोन घरी आहे ना? मग माझाच टाकतो, ओटीपी लगेच येतो." पासवर्ड पावतीच्या मागे लिहून दिला. मी पैसे दिले आणि एकदम खूश होऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली. तोपर्यंत मी पुण्यात होतो, हातात स्मार्टफोन होता, सगळं आपलं आपण करता येईल असं वाटत होतं. पावती कुठे गेली ते आठवेना. 'पासवर्ड विसरलात?' वर टॅप केलं तर ओटीपी गेला कॅफेवाल्याच्या नंबरवर. गावच्या मित्राला कॅफेत पाठवलं, तर दुकान बंद आणि नंबरही बंद. दुसरा मार्ग आधारच्या ओटीपीचा होता. पण आधारला वडिलांचा जुना नंबर जोडलेला होता आणि रिचार्ज न केल्यामुळे तो कधीच बंद झाला होता. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस राहिले होते.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या चार दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. मला कोणी हॅक केलं नव्हतं, कोणी काही चोरलंही नव्हतं. फक्त माझ्या खात्याची चावी माझ्याकडे नव्हती. ऑनलाइन सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळी टोपी घातलेला हॅकर येतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत खरा प्रश्न त्याहून साधा असतो : हे खातं उघडायची ताकद नेमकी कोणाच्या हातात आहे? आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?"

हॉस्टेलवर हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. खात्यात तीनशे रुपये, फोनमध्ये मीम्स, कोण कशाला मागे लागेल?

आधी एक जुनी गोष्ट ऐका. कॉम्प्युटरला पासवर्ड लावायची पद्धत विद्यापीठातच रुजली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एकच मोठा कॉम्प्युटर अनेक जण वाटून वापरत. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे, म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला होता. अ‍ॅलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरत नव्हते. त्याने १९६२ मध्ये पासवर्डची अख्खी फाइलच प्रिंट करायला लावली आणि दुसऱ्यांच्या नावावर लॉगिन करून काम चालू ठेवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानेच हे सांगितलं. म्हणजे त्याला कोणाचे पैसे नको होते, त्याला दुसऱ्याच्या खात्यातून मिळणारी सोय हवी होती.

आता अलीकडचं उदाहरण. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवलं. आरोप असा की त्यांनी अमेरिकेतल्या १४४ आणि इतर २१ देशांतल्या १७६ विद्यापीठांमध्ये घुसखोरी केली. सुमारे एक लाख प्राध्यापकांच्या खात्यांना लक्ष्य केलं, त्यातली जवळपास आठ हजार खाती फुटली आणि ३१ टेराबाइटहून जास्त माहिती बाहेर गेली. पद्धत अगदी साधी होती. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने ईमेल यायचा, 'तुमचा लेख वाचला, आवडला, हेही लेख पाहा.' लिंक उघडली की स्वतःच्या विद्यापीठाच्या लॉगिनसारखं दिसणारं पान समोर यायचं. माणसाला वाटायचं आपण लॉगआउट झालोय, तो पुन्हा पासवर्ड टाकायचा. संपलं.

तुमच्याकडेही असं बरंच काही आहे. कॉलेजच्या लॉगिनवर मिळणारी लायब्ररी आहे, तुमचं नाव आहे, आधार आहे, बँक खातं आहे, आणि तुमचा मेसेज आला तर लगेच विश्वास ठेवणारे दोनशे कॉन्टॅक्ट आहेत. खात्यात तीनशे रुपये असले तरी तुमच्या नावाने काकांकडून पाच हजार मागता येतात.

सगळ्या खात्यांचं मूळ : एक ईमेल आणि एक सिम

एक छोटं काम करा. कागद घ्या आणि विद्यार्थी म्हणून तुमची किती खाती आहेत ते लिहा. डिजिलॉकर, अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा अंकी आयडी, शिष्यवृत्ती पोर्टल, विद्यापीठाचं परीक्षा पोर्टल, स्वयम किंवा एनपीटीईएलचा कोर्स, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा. आता प्रत्येकासमोर लिहा : पासवर्ड विसरलो तर कोड कुठे येतो?

बहुतेक ठिकाणी उत्तर दोनच असतील. एक ईमेल, एक मोबाइल नंबर. वीस दारांचं घर असलं तरी सगळ्या चाव्या एकाच खुंटीवर टांगलेल्या असतात. म्हणून वीस ठिकाणी काळजी करण्याआधी ती खुंटी पक्की करा. क्रमाने असं करा :

१. स्वतःचा, स्वतः काढलेला एक ईमेल ठेवा. कॅफेवाल्याने, मोठ्या भावाने किंवा क्लासच्या सरांनी काढून दिलेला असेल तर पासवर्ड बदला आणि रिकव्हरीचा नंबर व ईमेल कोणाचा आहे ते तपासा. दुसऱ्याचा असेल तर आजच काढून स्वतःचा टाका. आणखी एक गोष्ट, दोन वर्षं वापरलंच नाही असं वैयक्तिक खातं गूगल हटवू शकतं. तेव्हा 'तो जुना ईमेल आहे की' या भरवशावर राहू नका.

२. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी दुसरा पुरावा लागतो. एसएमएसवर येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा नक्की बरा. पण तो सिमवर अवलंबून असतो. फोन हरवला, सिम बंद पडलं की तुम्हीच बाहेर. ऑथेंटिकेटर अ‍ॅप फोनमध्येच कोड तयार करतं, त्याला नेटवर्क लागत नाही. पासकीचा पर्याय दिसला तर तो त्याहून चांगला, कारण खोट्या साइटवर पासकी चालतच नाही.

३. बॅकअप कोड उतरवून ठेवा. गूगल एका वेळी दहा कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवल्यावर हेच कामाला येतात. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका, फोनबरोबर तेही जातील. वहीत लिहा आणि वही घरच्या कपाटात, मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा.

४. आधारला कोणता नंबर जोडलाय ते पाहा. घरातल्या पाच जणांच्या आधारला वडिलांचा एकच नंबर, हे आपल्याकडे सर्रास असतं. तो नंबर चालू असेल तोवर ठीक. पण तुम्ही शहरात, वडील शेतात, आणि ओटीपी दहा मिनिटांत संपणार, अशी गंमत होते. फॉर्म भरायच्या हंगामाआधीच नंबर अपडेट करा.

५. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ही सोय मे २०२३ पासून आहे. तुम्ही न घेतलेला नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

पासवर्ड : अवघड नको, लांब आणि वेगळा हवा

माझ्या त्या पासवर्डात तीन चुका होत्या. तो ओळखण्यासारखा होता, दोन ठिकाणी सारखाच होता आणि दुसऱ्याला माहीत होता. यातली सगळ्यात महागात पडणारी चूक दुसरी.

समजा तुम्ही एका फुटकळ गेमच्या साइटवर आणि ईमेलला एकच पासवर्ड ठेवलाय. उद्या गेमच्या साइटची माहिती फुटली. चोर ती यादी घेतात आणि तोच ईमेल, तोच पासवर्ड शेकडो साइटवर आपोआप टाकून बघतात. यात तुमचा पासवर्ड कोणी 'तोडत' नाही, तुम्हीच तो दुसऱ्या दाराला लावून ठेवलेला असतो. आपला ईमेल आजवर कुठल्या मोठ्या गळतीत सापडलाय का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट बघता येतं. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ती २०१३ मध्ये सुरू केली.

उपाय? ईमेल, बँक आणि डिजिलॉकर या तिघांना तरी पूर्णपणे वेगळे पासवर्ड ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, म्हणजे पासवर्ड लांब होतो आणि लक्षातही राहतो. आजीच्या गावची विहीर, शाळेतल्या शिपाईकाकांची सायकल, असलं काहीतरी, जे इन्स्टावर कुठे नाही. बाकीच्यांसाठी फोनमधला पासवर्ड मॅनेजर वापरा. त्याचा एक छुपा फायदा आहे : साइट खोटी असेल तर तो पासवर्ड भरून देत नाही, कारण पत्ता जुळत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज का भरला गेला नाही, असा प्रश्न पडला की थांबा.

कॉलेजचं खातं : खूप कामाचं, पण तुमचं नाही

बऱ्याच कॉलेजांत प्रवेश झाल्यावर कॉलेजचा ईमेल मिळतो आणि अर्ध्या पोरांनी तो एकदाही उघडलेला नसतो. हे नुकसान आहे. त्यावर क्लासरूम, ड्राइव्ह, ऑनलाइन ऑफिसचे प्रोग्रॅम मिळतात, अनेक कंपन्यांच्या विद्यार्थी सवलती मिळतात. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मोठमोठ्या प्रकाशकांची जर्नल्स खुली झाली. तुमची संस्था त्यात असेल तर ज्या पेपरला बाहेर हजारो रुपये मागतात तो तुम्हाला संस्थेमार्फत फुकट वाचता येतो. ग्रंथपालांना एकदा जाऊन विचारा, ते आनंदाने सांगतील.

पण एक लक्षात ठेवा. हे खातं संस्थेचं असतं. अ‍ॅडमिन पासवर्ड बदलू शकतो, खातं बंद करू शकतो. शिवाय जागा अमर्याद नसते. गूगलने २०२२ पासून शैक्षणिक संस्थांसाठी अमर्याद जागा बंद करून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. त्यामुळे शिक्षण संपलं की खाती बंद करणं संस्थांच्या सोयीचंच असतं.

माझ्या रूममेटने तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट, सगळे फोटो आणि नोकरीच्या साइटवरचं खातं, सगळं कॉलेजच्या ईमेलवर ठेवलं होतं. निकाल लागल्यावर काही महिन्यांनी खातं बंद. एका कंपनीचा इंटरव्ह्यूचा ईमेल त्याच पत्त्यावर गेला असणार, पण तो वाचायला हा आत जाऊच शकत नव्हता.

म्हणून नियम सोपा : अभ्यास कॉलेजच्या खात्यावर, आयुष्य स्वतःच्या खात्यावर. डिजिलॉकर, बँक, क्रेडिट बँक, नोकरीची खाती, सगळी वैयक्तिक ईमेलवर. आणि शेवटच्या सेमिस्टरमध्येच टेकआउट वापरून कॉलेजच्या ड्राइव्हमधलं आपलं सगळं उतरवून घ्या.

लॅब, कॅफे आणि झेरॉक्सचं दुकान

विद्यार्थ्याची माहिती सगळ्यात जास्त कुठे सांडते? माझ्या मते झेरॉक्सच्या दुकानात. परीक्षेचा फॉर्म, आधार, टीसी, जातीचा दाखला, सगळं आपण दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि प्रिंट घेऊन निघून जातो. त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अख्ख्या कॉलेजचं आधार पडलेलं असतं. दुकानदार वाईट असतो असं नाही. पण त्या खुर्चीवर दिवसभरात कोण कोण बसतं ते त्यालाही माहीत नसतं.

काय करता येईल?

- आधारची प्रत द्यायची तर शक्य तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. तो आधारच्या साइटवरून डाउनलोड होतो.
- कागदपत्रं दाखवायचीच असतील तर डिजिलॉकरमधून दाखवा. त्यात संस्थांनी थेट दिलेली कागदपत्रं नियमानुसार मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. प्रत्येक वेळी प्रिंट लागतेच असं नाही.
- प्रिंट झाल्यावर "दादा, फाइल डिलीट करता का?" असं सरळ विचारा. रिसायकल बिनसुद्धा. लाजू नका.
- दुकानात किंवा लॅबमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल तर निघताना फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉगआउट करा. ब्राउझरची खिडकी बंद करणं म्हणजे लॉगआउट नाही.
- दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इनकॉग्निटो खिडकी वापरा. ती बंद केली की लॉगिन राहत नाही. पण त्या कॉम्प्युटरवर कळा टिपणारा प्रोग्रॅम बसवला असेल तर इनकॉग्निटो काही करू शकत नाही. म्हणून बँकेचं काम तिथे नकोच.
- ब्राउझरने 'पासवर्ड सेव्ह करू का?' विचारलं तर 'कधीच नाही' निवडा.

लॅबमध्ये लॉगआउट करायला विसरलात? घाबरू नका. फोनवर गूगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात 'तुमची डिव्हाइसेस' अशी यादी असते. तिथून ते मशीन बसल्या जागी साइन आउट करता येतं. महिन्यातून एकदा ही यादी बघायची सवय लावा.

कॅम्पसचं वाय-फाय : कोणाला काय दिसतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. थोडक्यात उत्तर : साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर वाय-फाय चालवणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते साधारण कळतं, पण आत काय वाचलं, काय टाइप केलं ते दिसत नाही. तुमच्या लॉगिनवर नेट चालत असेल तर ती नोंद तुमच्या नावावर होते. म्हणून मित्राला "माझा आयडी घे" म्हणू नका. त्याने काही गोंधळ घातला तर नोंद तुमच्या नावाने निघते.

इथे एक मोठा गैरसमजही आहे. ते कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट 'खरी' आहे असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं कोणी ऐकू शकत नाही. समोर चोर बसला असेल तर त्याच्याशीही बोलणं खासगीच होतं! म्हणून कुलूप नाही, पत्ता वाचा. सरकारी साइटच्या नावाचा शेवट डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असतो. विद्यापीठांचा बहुतेक वेळा डॉट एसी डॉट इन किंवा डॉट ईडीयू डॉट इन असतो. पत्त्यात मध्येच कुठेतरी विद्यापीठाचं नाव घुसवलेलं असेल तर त्याला महत्त्व नाही. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, शेवटी काय आहे ते बघायचं.

काही संस्थांमध्ये एड्युरोम नावाचं वाय-फाय असतं. भारतात त्याची व्यवस्था अर्नेट इंडिया पाहतं आणि ते शंभरहून जास्त देशांत चालतं. पुण्यातल्या संस्थेच्या लॉगिनवर जर्मनीतल्या विद्यापीठात नेट मिळू शकतं. तुमची ओळख तपासायचं काम तुमचीच संस्था करते. फक्त पहिल्यांदा जोडताना संस्थेने दिलेल्या सूचनांप्रमाणेच सेटिंग करा. सर्टिफिकेट तपासण्याचा पर्याय बंद केला तर त्याच नावाचं खोटं वाय-फाय तुमचा पासवर्ड टिपू शकतं.

खास विद्यार्थ्यांसाठी टाकलेली जाळी

निकालाची एपीके. निकालाच्या दिवशी विद्यापीठाची साइट अडकते आणि नेमकी तेव्हाच ग्रुपवर 'रिझल्ट' नावाची फाइल फिरते. निकाल कधीच एपीके फाइलमध्ये येत नाही. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली की तुमचे ओटीपी दुसरीकडे जायला लागतात.

'चुकून तुझ्याकडे कोड आलाय.' मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज येतो, सहा अंकी कोड पाठव. मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं आणि तो कोड तुमच्या खात्याचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप पिन आजच सुरू करा. खातं गेलंच तर लगेच आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करा, चोर बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर मात्र सात दिवस थांबावं लागतं.

शिष्यवृत्ती जमा करायला पिन टाका. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. हे एक वाक्य घरी आई-वडिलांनाही सांगा.

इंटर्नशिपसाठी आधी फी भरा. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, नाव काहीही असो. जी नोकरी तुमच्याकडूनच पैसे मागते तिच्यापासून लांब राहा. व्हिडिओ लाइक करून दिवसाला हजार कमवा, हाही त्याचाच भाऊ. आधी शंभर-दोनशे खरंच देतात, मग 'मोठ्या टास्क'साठी तुमच्याकडून घेतात.

बँक खातं भाड्याने द्या. हे सगळ्यात वाईट. 'तुझं खातं नुसतं पडून आहे, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे.' त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे तरी फसवून घेतलेले पैसे फिरवले जातात. तक्रार झाली की पोलीस खातं कोणाच्या नावावर आहे ते बघतात. नाव तुमचं. खातं गोठतं, त्यात शिष्यवृत्तीही अडकते आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या तुम्हाला. आधीच्या सगळ्या प्रकारांत तुम्ही फसवले जाता, यात तुम्ही आरोपीच्या यादीत जाता.

झालंच काही, तर पहिल्या तासात हे करा

फसल्यावर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे लाज. घरी काय सांगू, मित्र हसतील, असं म्हणत आपण रात्र घालवतो आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात.

१. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम जवळ ठेवा. तक्रार लवकर पोहोचली तर पैसे पुढच्या खात्यात रोखून धरता येतात. बँकेलाही कळवा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते.

२. दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळी डिव्हाइसेस साइन आउट करा. ईमेलच्या सेटिंगमध्ये कोणी फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का तेही पाहा. पासवर्ड बदलला तरी फॉरवर्डिंगमुळे तुमचे ईमेल त्याच्याकडे जातच राहतात.

३. फोन हरवला असेल तर सिम बंद करून नवं घ्या. पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथीवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा.

४. काहीही डिलीट करू नका. चॅट, नंबर, लिंक, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

५. कोणी तुमचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख चोरून वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वर्गमित्राने 'मस्करीत' केलं तरी तो गुन्हाच आहे. आणि हो, मस्करी तुम्ही केली असेल तरी कायदा तोच!

माझ्या फॉर्मचं काय झालं?

मी रात्रीच्या एसटीने गावी गेलो. सकाळी आधार केंद्राच्या रांगेत उभा राहिलो, अंगठा दिला, माझा नंबर नोंदवला. पण नंबर लगेच अपडेट होत नाही, वाट बघावी लागते. चौथा दिवस गेला, मुदत संपली. आईला फोनवर सांगताना आवाज निघत नव्हता. तिने एवढंच विचारलं, "मग आता पैसे कुठून भरायचे?"

दोन दिवसांनी बातमी आली, फॉर्मची मुदत वाढली होती. त्या आठवड्यात नंबर अपडेट झाला, आधारचा ओटीपी माझ्या फोनवर आला आणि फॉर्म गेला. म्हणजे मी वाचलो तो हुशारीने नाही, मुदत वाढली म्हणून. दर वेळी ती वाढेलच असं नाही.

त्या कॅफेवाल्या दादावर माझा राग नाही. रांगेतल्या प्रत्येकाला त्याने मदतच केली होती. चूक एवढीच की मी माझं काम त्याच्यावर सोपवताना चावीही त्याच्याकडेच ठेवून आलो.

तेव्हा आज अर्धा तास काढा. ईमेलचा रिकव्हरी नंबर तपासा, टू-स्टेप सुरू करा, बॅकअप कोड वहीत लिहा, आधारला जोडलेला नंबर पाहा, व्हॉट्सअ‍ॅपला पिन लावा. एवढी पाच कामं झाली की बाकीचं हळूहळू करता येईल. आणि गावाकडे एखादा भाऊ किंवा बहीण यंदा बारावीला असेल, तर तिच्या पहिल्या फॉर्मच्या दिवशी तिच्याबरोबर कॅफेत जा. काम दादाला करू द्या. ईमेल मात्र तिचा, पासवर्ड तिने टाकलेला आणि नंबर तिच्या घरातला, एवढं बघा.